जुना पुर्जा गिऱ्हाइकाचा

पडद्यावरच्या अक्षरांना सावली पडते आहे की नाही, एवढ्या एका प्रश्नावरून एका रविवारी दुपारी अकोटला आमच्या शिक्षणसंस्थेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत सामना रंगला होता. एका बाजूला अकरा माणसं, दुसऱ्या बाजूला एक. अकरांत मी होतो, संस्थेचा शिपाई होता, शेजारचा पिठगिरणीवाला होता, चहा घेऊन आलेला आणि परत जायचं विसरलेला हॉटेलवाला होता. शिवाय रस्त्यानं जाता जाता गर्दी पाहून आत शिरलेली, कॉम्प्युटरशी आयुष्यात कधी संबंध न आलेली, म्हणजे पूर्णपणे निःपक्षपाती अशी सात माणसं होती. आम्ही अकरा जण म्हणत होतो, सावली नाही. मुनाफभाई एकटे म्हणत होते, आहे.

अकरा विरुद्ध एक म्हणजे निकाल लागल्यात जमा. पण पंचाईत अशी, की बिघाड ओळखण्यात मुनाफभाई गेल्या तीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते आणि आम्ही अकरा जण सतत चुकत आलो होतो. त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी याच खोलीत बारा बायकांची मराठी टायपिंगची परीक्षा होती. अमरावतीहून परीक्षक निघायचे होते. आणि मुनाफभाई बाराच्या बारा लॅपटॉप पुसून कोरे करायला बाह्या सरसावून उभे होते.

त्या दुपारी काय झालं ते सांगतोच, त्यासाठीच तर बसलो आहे. पण आधी माणूस सांगितला पाहिजे, नाहीतर गंमत कळणार नाही.

मुनाफभाईंचं दुकान आमच्या संस्थेच्या अगदी समोर. रुंदी एवढी, की मुनाफभाई आत असले तर गिऱ्हाईक बाहेर आणि गिऱ्हाईक आत आलं तर मुनाफभाई बाहेर. वडिलांच्या काळात पाटीवर फक्त 'घड्याळ' होतं. मुनाफभाईंनी त्यापुढे 'रेडिओ' लिहिलं, मग 'टेप', मग 'टीव्ही', आणि शेवटी 'कॉम्प्युटर' लिहायला घेतलं तेव्हा पाटी संपली. म्हणून 'कॉम्प्यु' पाटीवर आणि 'टर' शेजारच्या दोरे-बटणांच्या दुकानाच्या भिंतीवर. शेजाऱ्यानं हरकत घेतली नाही. त्याच्या मुलीच्या शिलाई मशीनला मुनाफभाई कायम तेल घालत आले.

ती वर्षं आमच्या वऱ्हाडाला बरी नव्हती. पेपरात जिल्ह्याचं नाव दिसलं की घरातली मोठी माणसं मुकाट्यानं पान उलटायची. बाजारात नवीन काही खपत नव्हतं. नवीन घेणं लांबणीवर पडलं की जुनं दुरुस्तीला येतं, त्यामुळे मुनाफभाईंच्या फळ्या मात्र भरलेल्या. त्यांना याचा आनंद नव्हता. "मास्तर," ते मला म्हणायचे, "माह्याकडे गर्दी दिसली का समजजा, गाव अडचणीत हाय."

दुरुस्तीची त्यांची रीत पाहायला मी मधल्या सुट्टीत जायचो. खोटं कशाला बोला, तास चालू असतानाही जायचो. बिघडलेली वस्तू समोर ठेवली की मुनाफभाई आधी स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यांवर बसत. दहा मिनिटं नुसतं पाहणं. हाताला खाज सुटते, म्हणायचे, आणि खाजेनं जेवढ्या वस्तू बिघडल्या तेवढ्या विजेनं बिघडल्या नाहीत. मग गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न:

"बिघडायच्या आधी काय केलं होतं?"

या प्रश्नाला सगळ्या वऱ्हाडात एकच उत्तर आहे: "काहीच नाही."

मुनाफभाई वाद घालत नसत. चहा सांगत. पहिला चहा हवापाण्यावर जाई, दुसऱ्या चहाला गिऱ्हाईक चुळबुळू लागे आणि तिसऱ्या चहाच्या तळाशी कबुली असे. पोलिसांना जे दंडुक्यानं साधत नाही ते या माणसानं अर्ध्या कपात साधलं होतं.

पुढचा नियम: एका वेळी एकच पुर्जा बदलायचा. दोन बदलले आणि यंत्र चालू झालं, तर कशानं चालू झालं ते कळत नाही. "अन् न कळता चालू झालं त्याले मी दुरुस्ती नाई म्हणत. नशीब म्हणतो."

आणि शेवटचा नियम, ज्यासाठी ते पंचक्रोशीत ओळखले जात: काढलेला जुना पुर्जा कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत. जळका कंडेन्सर असो, झिजलेलं दातेरी चाक असो, मेलेला पंखा असो. "जुना पुर्जा गिऱ्हाइकाचा. मी ठेवला तर चोरी." संस्थेच्या कार्यक्रमात एकदा त्यांनी मुख्याध्यापकांच्या हातात अशी एक पुडी दिली. सरांनी पेढा समजून भर सभेत उघडली. तरी बरं, तोंडात टाकण्याआधी पाहिली.

दुकानाच्या उंबऱ्यावर एक माणूस कायमचा बसलेला असे. दादाराव. मुनाफभाईंचा शाळेतला जोडीदार, शेती गावापासून चार कोसांवर, जीभ मात्र सदैव दुकानात. दरवर्षी पहिल्या वेचणीतला पिशवीभर कापूस ते मुनाफभाईंना आणून देत. मुनाफभाई त्याचे बोळे करून काड्यांना गुंडाळत आणि यंत्रांची पोटं साफ करत. "बाजारात तुह्या कापसाले भाव नसन," मुनाफभाई त्यांना म्हणायचे, "माह्याकडे एकेका बोंडाचा मान हाय." त्या कापसावरून त्या वर्षी दोघांचं बिनसलंही होतं. मुनाफभाईंनी पिशवीत हात घातला, मूठभर कापूस वर काढून पाहिला आणि म्हणाले, "दादाराव, यंदा पिवया पडला रे." झालं. व्यापारी भाव पाडायला 'पिवळा पडला' हेच वाक्य वापरतो. जे मार्केटात ऐकून आलो तेच मित्राच्या तोंडून ऐकावं लागलं म्हणून दादाराव आठ दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी आले आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं उंबऱ्यावर बसले. पिशवी तशीच खुंटीला राहिली.

दादारावांचं नाव मध्येच आणलं त्याला कारण आहे. मुनाफभाई कॉम्प्युटर शिकले ते रेडिओच्या आणि दादारावांच्या जोरावर. त्या काळात आमच्याकडच्या जुन्या यंत्रांवर ते लिनक्स टाकत. फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर चालतं, आणि कुणाचं मिंधं राहावं लागत नाही. यंत्र चालवणाऱ्या या व्यवस्थेच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. पडदा, कीबोर्ड, पंखा, सगळ्यांशी बोलणं हे त्या गाभ्याचं काम. मुनाफभाई त्याला सरकी म्हणायचे. कापसात सरकी तशी यंत्रात ही. अपडेट आलं म्हणजे नवी सरकी आली. आणि नवी सरकी कधीकधी जुन्या पडद्याशी बोलायची भाषा विसरून येते. मग पडद्यावर पट्टे उठतात, रंग फाटतात, चित्र थरथरतं.

यावर उपाय दादारावांच्या घरचा होता. गावात सगळे पाकिटातलं बियाणं घेऊ लागले तरी दादाराव तुरीचं आणि ज्वारीचं घरचं बियाणं राखेत घालून मडक्यात ठेवायचे. नवं उगवून वर आल्याशिवाय जुनं घराबाहेर काढायचं नाही, हा त्यांच्या बापाचा दंडक. मुनाफभाईंनी तोच दंडक प्रत्येक यंत्राला लावला. नवी सरकी आली तरी जुनी पुसायची नाही. यंत्र सुरू होताना दहा सेकंद एक यादी दिसेल अशी व्यवस्था. नवी रुसली तर यादीतून जुनी निवडा, कामाला लागा.

हे मी डोळ्यांनी पाहिलं ते बार्शीटाकळीच्या एका फोटोवाल्याच्या निमित्तानं. लग्नसराईत तो लॅपटॉप छातीशी धरून एसटीतून उतरला तोच रडवेला. पडद्यावर आडवे पट्टे, आणि पट्ट्यांमधून दिसणारी नवरी हिरवीगार. दोन दिवसांनी अल्बम द्यायचा होता.

"बिघडायच्या आधी काय केलं होतं?"

"काहीच नाही, भाई."

चहा आला. दुसरा आला. तिसऱ्याच्या तळाशी फोटोवाला म्हणाला, "ते एक चौकोन उघडून आला. अपडेट करू का म्हणे. मी हो म्हणलं."

"अल्बम अर्धा असताना?"

"हो."

"लगन लागून राहिलं अन् तू मधातच भटजी बदलला?"

मांडीखालचे हात बाहेर आले. यंत्र बंद, यंत्र चालू, यादी, जुनी सरकी, आणि पट्टे गेले. हिरवी नवरी माणसात आली. फोटोवाल्यानं मुनाफभाईंचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते, पण मुनाफभाई पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाले, "थांब. पोरगी अजून पिवयी दिसून राहिली."

"भाई," फोटोवाला म्हणाला, "हयदीचा फोटो हाय तो. पिवयीच दिसन."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. मुनाफभाईही हसले. माझ्यासारख्या, नाटकात भूमिका करणाऱ्या आणि माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ वाचतो असं समजणाऱ्या माणसाला त्या हसण्यात काही वेगळं दिसलं नाही. कापूस पिवळा, नवरी पिवळी. आणि हो, स्क्रू हातात घेतला की ते तो दारातल्या उजेडाकडे नेऊन मान वाकडी करून पाहू लागले होते, तेही आम्ही सगळे पाहत होतो. कुणी काही जोडलं नाही.

आता त्या शनिवार-रविवारकडे येतो.

संस्थेच्या कॉम्प्युटरच्या खोलीचा प्रमुख मी होतो. शिकवायचो मराठी, पण गॅदरिंगला माईकची व्यवस्था मी पाहायचो म्हणून वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या खात्यावर चढवली गेली होती. पुण्याच्या कुठल्याशा कचेरीनं काढून टाकलेले बारा लॅपटॉप आमच्याकडे आले, मुनाफभाईंनी त्यांत जीव घातला आणि आम्ही बायकांसाठी टायपिंगचा वर्ग काढला. घरच्या शेतावर भागेना म्हणून आलेल्या बायका. सर्टिफिकेट मिळालं तर एखाद्या दवाखान्यात, वकिलाकडे, कचेरीत टेबलाशी बसता येईल या आशेवर. सुनीताबाई नावाची एक तर दोन एसट्या बदलून यायची आणि एसटीत मांडीवर बोटं नाचवत सराव करायची. शेजारची बाई म्हणे, हिला काय झालं आहे?

परीक्षा सोमवारी. शुक्रवारी संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मला वाटलं, परीक्षक येणार, यंत्रं कशी नव्या नवरीसारखी दिसली पाहिजेत. आणि मी बाराच्या बारा यंत्रांवर अपडेटचं बटण दाबलं. एकेक करून, मोठ्या हौसेनं. ते चालू ठेवून घरी जाऊन पोटभर जेवलो.

शनिवारी सकाळी बारा पडद्यांवर पट्टे. काही आडवे, काही तिरपे, दोनांवर तर हातमागावर पातळ विणत असल्यासारखे. सुनीताबाई दारात उभी. तिनं आरडाओरडा केला नाही, एवढंच विचारलं, "सर, सोमवारी पेपर होईन ना?" मी रंगमंचावर शिकलेला सगळा आत्मविश्वास आवाजात आणून "होणार म्हणजे होणारच" म्हणालो आणि रस्ता ओलांडून धावत सुटलो.

मुनाफभाई आले. हात मांड्यांखाली. दहा मिनिटं बारा पडदे पाहिले. मग माझ्याकडे वळून:

"मास्तर, बिघडायच्या आधी काय केलं होतं?"

आणि मी, ज्यानं हा खेळ शंभर वेळा बाकावर बसून फुकटात पाहिला होता, तो मी म्हणालो, "काहीच नाही."

त्यांनी शिपायाला चहा आणायला पाठवलं. मी पहिल्याच चहाला फुटलो.

शनिवारी संध्याकाळपर्यंत बाराही यंत्रं जुन्या सरकीवर चालू झाली. पट्टे गेले, पांढऱ्या पानावर काळी अक्षरं उमटू लागली. सुनीताबाईनं एक अख्खा परिच्छेद न चुकता टाइप केला आणि एसटी गाठायला गेली. मी पेढे आणायच्या तयारीत होतो. तेवढ्यात मुनाफभाई शेवटच्या यंत्रासमोर बसून म्हणाले, "मास्तर, अक्षराले सावली हाय."

मी पाहिलं. सावली नव्हती.

"प्रत्येक कान्याच्या बाजूनं अजून एक काना दिसून राहिला, फिका. अन् कागद पांढरा नाई, मातकट हाय."

ते दुसऱ्या यंत्रावर गेले. तिथंही सावली. तिसऱ्यावरही. बाराही यंत्रांवर. रविवारी सकाळी पुन्हा येऊन बसले, पडद्याची प्रखरता बदलली, अक्षरं बदलली, एका वेळी एक, शिस्तीत. सावली हटेना. दुपारी बाराला त्यांनी निर्णय दिला: जुनी सरकीही किडली आहे. सगळं पुसायचं, मुळापासून नवीन घालायचं.

बारा यंत्रं पुसून पुन्हा उभी करायची म्हणजे दोन दिवसांचं काम. दुपारी दोनला भारनियमन, वीज जायची ती सहाला यायची. त्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या वीस मिनिटांच्या धनी. एकदा पुसायला घेतलं की सोमवारची परीक्षा गेलीच, आणि पुन्हा परीक्षा म्हणजे थेट पुढच्या वर्षी. मी म्हणालो, मला सावली दिसत नाही. मुनाफभाई म्हणाले, "तुमचा चष्मा किती नंबरचा हाय, मास्तर?" म्हणून मी साक्षीदार गोळा केले, आणि अकरा विरुद्ध एक असा तो सामना उभा राहिला.

"अकरा लोकं म्हणून राहिले," गिरणीवाला म्हणाला, "तुमी एकटे कसे बरोबर?"

"टीव्ही बिघडला का अख्खं घर म्हणते चालू होता," मुनाफभाई म्हणाले. "बिघाड दिसणं हेच माह्यं काम हाय, भाऊ. सगळ्यायले दिसला असता तर माह्या दुकानात कोण आलं असतं?"

त्यांनी पहिल्या यंत्रात पुसण्याची पेनड्राइव्ह खोचली. मी त्यांच्या मनगटाला हात लावला. आमच्या पंधरा वर्षांच्या ओळखीत मी त्यांना अडवण्याची ती पहिली वेळ. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात काढून घेतला.

आणि तेव्हा दारातून आवाज आला, "काहून बे, एवढी गर्दी कायची?"

दादाराव. शेतातून थेट, पायाला माती. त्यांना प्रकार सांगितला. त्यांनी पडदा पाहिला नाही. मुनाफभाईंकडेच बराच वेळ पाहत राहिले. मग जवळ गेले.

"मुनाफ, तुहा नियम काय हाय? एका टाइमाले किती पुर्जे बदलाचे?"

"एक."

"मंग बदल." आणि दादारावांनी आपला मातीनं भरलेला तळहात मुनाफभाईंच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. "आता पाय. हाय का सावली?"

मुनाफभाईंनी उघड्या डोळ्यानं पडदा पाहिला, नाक जवळ नेऊन पुन्हा पाहिला.

"नाई," मुनाफभाई म्हणाले.

दादारावांनी हात उचलून डाव्या डोळ्यावर ठेवला. "आता?"

मुनाफभाई दादारावांचा हात हळूच बाजूला करून उठले, दारापर्यंत गेले. बाहेरच्या कडुनिंबाकडे, मग समोरच्या आपल्याच पाटीकडे, एकदा या डोळ्यानं आणि एकदा त्या डोळ्यानं पाहिलं. आत येऊन खुर्चीवर बसले. मी पाहिलं, हात पुन्हा मांड्यांखाली गेले होते.

"बाहेरच्या मॉनिटरवर, झाडावर अन् पाटीवर बी तेच हाय," ते शांतपणे म्हणाले. "म्हणजे सरकी साबूत, केबल साबूत. पॅनेल माह्या डोयाचं गेलं."

कुणी हसलं नाही. मग मुनाफभाईच आधी हसले, आणि त्यांनी पेनड्राइव्ह काढून खिशात टाकली.

सोमवारी परीक्षा झाली. बारा पडदे, बारा बायका. सुनीताबाई पास झाली, आणि एसटीत बोटं नाचवायची सवय तिची पुढेही सुटली नाही, असं ऐकलं.

पण मुनाफभाई त्यानंतर डॉक्टरचं नाव काढू देईनात. आज करतो, उद्या करतो. कारण मला दादारावांनी सांगितलं. मुनाफभाईंचे वडील, घड्याळवाले, नजर अधू झाली तेव्हा दुकानातून घरी जाऊन बसले ते कायमचे. दहा वर्षं ओसरीवर बसून भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिक ऐकत. कोणतं घड्याळ मागं पडलं ते आवाजावरून सांगत, पण हात लावत नसत. मुनाफभाईंना त्या ओसरीची भीती होती. डॉक्टरनं पाहिलं नाही तोवर बिघाड नाही, असा त्यांचा हिशेब. तीस वर्षं ज्या गिऱ्हाइकांची त्यांनी उलटतपासणी घेतली, त्यांच्याच रांगेत ते जाऊन बसले होते.

शेवटी दादारावांनी आणि मी मिळून कट केला आणि त्यांना अमरावतीच्या एसटीत बसवलं. अंजनगाव सुर्जीला गाडी थांबली तर हा माणूस पान खायच्या निमित्तानं उतरून गायब. दादारावांनी पानाच्या टपरीमागून धरून आणलं, तेव्हा तोंडात पान आणि चेहऱ्यावर शाळा बुडवणाऱ्या पोराचा भाव.

अमरावतीची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, "कधीपासून दिसतंय असं?"

मुनाफभाई म्हणाले, "काहीच नाही होत तसं."

मी उठलो, बाहेरच्या टपरीवरून तीन चहा आणले. दवाखान्यात चहा चालत नाही, असं नर्स म्हणाली. तिला म्हणालो, बाई, हे औषध आहे. दुसरा घोट घेताना मुनाफभाई मान खाली घालून म्हणाले, "आठ महिने झाले."

मोतीबिंदू होता. उजवा पिकलेला, डाव्यात नुकती सुरुवात. डॉक्टर म्हणाली, उजवा आधी करू, मग पुढे डावा पाहू. मुनाफभाई एकदम ताठ बसले. "एका टाइमाले एकच?"

"एकच. एकाचं नीट झालं की दुसरा."

"दादाराव," मुनाफभाई म्हणाले, "पोरगी कारागीर हाय." आणि तयार झाले. फक्त एक अट घातली. "डॉक्टरीणबाई, जुना पुर्जा मले परत पायजे."

ऑपरेशन पाऊण तासात आटोपलं. डोळ्याला पट्टी, दुसरा डोळा डॉक्टरवर रोखलेला. "पुडी?"

डॉक्टरनं समजावून सांगितलं, की जुनं भिंग आत फोडून, चुरा करून ओढून घेतात, त्यातलं काही उरत नाही. मुनाफभाईंचा चेहरा पडला. तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला त्यांनी असं उत्तर दिलं नव्हतं. डॉक्टर पुन्हा आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात कागदाची पुडी होती. मुनाफभाईंनी तिथंच उघडली. आत नव्या भिंगाची रिकामी डबी.

"जुनं देता नाही आलं," ती म्हणाली. "नवं कशातून आलं ते तरी तुमच्याकडे असू द्या."

मुनाफभाईंनी पुडी पुन्हा बांधली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. परतीच्या एसटीत अंजनगावला ते उतरले नाहीत.

पट्टी काढून दुकान उघडलं त्या सकाळी मी तास सोडून गेलो होतो, हे वेगळं सांगायला नको. दादाराव उंबऱ्यावर होतेच. मुनाफभाईंनी लॅपटॉप उघडून कोरं पान लावलं, तळहातानं एकदा हा डोळा झाकला, एकदा तो. नव्या डोळ्यानं पाहताना त्यांची भुवई वर जाई.

"पांढरं एवढं पांढरं असते?" त्यांनी कुणालाच न विचारता विचारलं.

मग त्यांची नजर खुंटीवर गेली. पिशवी तशीच होती. उठून त्यांनी तीत हात घातला, मूठभर कापूस काढला, दारातल्या उन्हात धरला. डावा डोळा झाकला. उजवा झाकला. पुन्हा डावा झाकला आणि बराच वेळ उजव्या डोळ्यानंच पाहत राहिले.

"दादाराव," ते म्हणाले, "तुहा कापूस तर दुधावानी हाय बे."

दादाराव रस्त्याकडे पाहत होते. "तवाही तसाच होता."

"मी पिवया म्हणलो होतो."

"म्हणला होता."

"चूक माह्या पॅनेलची."

"तुह्यं समजलं," दादाराव म्हणाले, अजून रस्त्याकडेच पाहत. "पण ते मार्केटातले व्यापारी? त्यायचं काय?"

"त्यायच्या डोयाचा बिघाड नाई दादाराव. त्यायले चहा पाजा लागन. तीन कपात नाई भागणार."

दोघं हसू लागले. दादारावांनी उपरण्यानं डोळे पुसले ते हसण्यामुळेच, असं मी धरून चालतो.

त्याच जूनमध्ये माझी बदली अकोल्याला झाली. ट्रंक टपावर चढवून मी एसटीच्या खिडकीशी बसलो. गाडी दुकानावरून जायची. पाहतो तर मुनाफभाई आणि दादाराव दोघंही रस्त्याच्या कडेला उभे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मुनाफभाईंनी अजून केलं नव्हतं. नवं पुरतं उगवून आल्याशिवाय जुनं काढायचं नाही, असं डॉक्टरला त्यांनी सांगून टाकलं होतं. गर्दीमुळे गाडी मिनिटभर थांबली. मुनाफभाईंनी माझ्याकडे पाहत एक डोळा झाकला, मग दुसरा.

"कोणत्या डोळ्यानं बरा दिसतो?" मी खिडकीतून ओरडलो.

"जुन्यानं, मास्तर!" ते ओरडले. "नव्यानं वय दिसून राहिलं!"

गाडी हलली. वळणापर्यंत मी मान बाहेर काढून पाहत होतो. 'कॉम्प्यु' आणि 'टर' यांच्या मध्ये मुनाफभाई उभे होते आणि दूर जाणाऱ्या गाडीकडे पाहत एकदा हा डोळा झाकत होते, एकदा तो. एका वेळी एकच.